मुलगी ज्वालामुखी आणि पावसाचा अभ्यास करते. तिला फोनवर विचारू तरी काय?

गुरुजी_मेढा

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो. जावळी तालुक्यात राहतो. इथं वाचतो बरंच, लिहितोय पहिल्यांदाच, तेव्हा टायपिंगच्या चुका पदरात घ्या.

धाकटी मुलगी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली, मग हवामानशास्त्रात पीएचडी केली आणि गेल्या वर्षापासून जर्मनीत पोस्टडॉक (पीएचडीनंतरची मुदतीची संशोधनाची नोकरी) आहे. ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला की हवामानाचं, त्यातही आपल्या पावसाचं काय होतं, हा तिचा विषय. सध्या आइसलँडमधल्या लाकी नावाच्या ज्वालामुखीवर काम चालू आहे. तो फुटला १७८३ साली. म्हणजे सालबाईचा तह झाला त्याच्या पुढच्या वर्षी. एवढं मला कळलं, कारण इतिहास माझा विषय.

दर रविवारी फोन येतो. आईशी तासभर. माझ्याशी 'जेवलीस का, थंडी किती आहे' आणि तीन मिनिटांत फोन परत आईकडं. कामाचं विचारलं की म्हणते, "राहू दे ना बाबा, किचकट आहे." मी चौतीस वर्षं चौथीच्या पोरांना भागाकार शिकवला. किचकट म्हणजे काय, हे मला कुणी सांगू नये.

भावकीत तर वेगळीच तऱ्हा. "पोरगी काय करते?" "ज्वालामुखी." "आपल्याकडं कुठाय ज्वालामुखी?" संपलं बोलणं. मेहुणे विचारतात, कायमची नोकरी कधी. परवा चावडीवर एकानं मोबाइलवरचा निरोप वाचून दाखवला की एक ज्वालामुखी फुटला की जगातल्या सगळ्या गाड्यांपेक्षा जास्त कार्बन सोडतो, मग गाड्यांच्या नावानं कशाला बोंब मारता. मी मुलीला तेवढं विचारलं. ती म्हणाली, "माझा ज्वालामुखी पृथ्वी थंड करतो." आता कार्बन सोडणारा डोंगर थंड कसा करेल? आणि आइसलँडात धूर झाला तर आमच्या महाबळेश्वराच्या पावसाला त्याचं काय?

जाणकारांनी सांगावं. माझी मागणी एवढीच, की येत्या रविवारी मला तिला एक तरी धड प्रश्न विचारता आला पाहिजे, ज्याला ती 'राहू दे' म्हणणार नाही.

शंकासूर

गुरुजी, तुमचा चावडीवरचा माणूस बरोबर आहे. आग ओकणारा डोंगर पृथ्वी थंड करतो हे म्हणजे बंबाजवळ बसल्यावर हुडहुडी भरली म्हणण्यासारखं. आणि हे संगणकावर हवामान मांडणारे मॉडेलवाले आधी परवाचा पाऊस नीट सांगू देत, मग १७८३ चा सांगा म्हणावं. मुलीला शुभेच्छा आहेतच, राग मानू नका.

गारगोटी

गुरुजी, नमस्कार. (गारगोटी म्हणजे भुदरगडातलं गाव नव्हे, दगडातली. मी मूळची कऱ्हाडची.) मीही याच धंद्यातली. पीएचडी होऊन अडीच वर्षं झाली, ब्रिटनमध्ये दुसरी पोस्टडॉक चालू आहे. फरक इतकाच की तुमची मुलगी आभाळाकडून येते आणि मी दगडाकडून. तिच्या संगणकात जो आकडा सर्वांत आधी भरावा लागतो, 'इतके टन गंधक', तो काढायचं काम माझ्यासारख्यांचं. म्हणजे मी संपते तिथं ती सुरू होते.

'किचकट आहे' असं मीही घरी म्हणते. खरं सांगू का, किचकटपणाचं ते निमित्त असतं. महिनाभर राबून सांगण्यासारखं काही हाती लागलेलं नसतं आणि ते आईबाबांसमोर कबूल करायला जीव होत नाही.

आधी चावडीचा हिशोब मिटवू. माणूस कोळसा, तेल आणि गॅस जाळून वर्षाला ३,७०० कोटी टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो. जगातले सगळे ज्वालामुखी, समुद्राखालचे धरून, मिळून ३०-४० कोटी टन. रुपयातला एक पैसा. तो निरोप कुणी लिहिला माहीत नाही, पण त्याला भागाकार शिकवणारे गुरुजी भेटले नव्हते एवढं नक्की.

थंड करतो तो गंधक. ज्वालामुखीतून सल्फर डायऑक्साइड निघतो, हवेतल्या पाण्याशी मिळून त्याचे सल्फ्युरिक आम्लाचे अतिसूक्ष्म थेंब होतात आणि ते उन्हाचा थोडा भाग परत पाठवतात. मांडवावर पातळ धोतर अंथरल्यासारखं. आता हा वायू ढगांच्या थरातच राहिला तर आठवड्याभरात पावसानं धुऊन खाली येतो, कुणाला पत्ताही लागत नाही. पण त्याच्या वर, स्थितांबरात चढला, तर वर्ष-दोन वर्षं तसाच तरंगत राहतो, कारण तिथं धुवायला पाऊसच नाही. फिलिपिन्समधला पिनाटुबो १५ जून १९९१ ला फुटला. दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर गेला आणि पुढच्या वर्षी सगळ्या जगाचं सरासरी तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास उतरलं. शंकासूरराव, 'अर्धा अंश उतरेल' हे नासातले हवामानशास्त्रज्ञ हॅन्सन यांच्या गटानं मॉडेलवरून आधी छापलं होतं, नंतर तसं घडलं. परवाचा पाऊस सांगणं वेगळं आणि हे वेगळं.

यातली गंमत अशी की स्फोट किती दणदणीत, याला फारसा अर्थ नसतो. १९८० साली अमेरिकेतला सेंट हेलेन्स फुटला, अख्ख्या जगानं फोटो पाहिले. त्यातून सल्फर डायऑक्साइड निघाला साधारण दहा लाख टन. हवामानाला ढिम्म फरक नाही. दोन वर्षांनी मेक्सिकोतला एल चिचोन फुटला. आकारानं जवळपास तेवढाच, नाव फारसं कुणी ऐकलेलं नाही, पण गंधकानं ठासून भरलेला. सत्तर लाख टन. त्याची छाया दोन वर्षं मोजता येत होती.

मग १७८३ साली किती गंधक निघाला ते आज कसं कळतं? तेव्हा उपग्रह नव्हते. इथं माझं काम येतं आणि ते दिसायला अगदीच पोरखेळ आहे. दगड फोडायचा, चाळायचा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्यानं एकेक हिरवट स्फटिक वेचायचा. ऑलिव्हिन म्हणतात त्याला. तांदूळ निवडल्यासारखंच, फक्त दाणा राईपेक्षाही लहान. स्फटिक जमिनीखाली वाढत असताना त्याच्या पोटात शिलारसाचा एखादा थेंब अडकतो आणि तिथंच काच होऊन बसतो. बाहेरचा लाव्हा वर येताना आपला वायू सोडून देतो, सोडावॉटरची गोळी दाबल्यावर होतं तसं. आतला थेंब मात्र बंदिस्त. त्याच्याकडं वायू निघून जाण्याआधीचा हिशोब शिल्लक असतो. तो स्फटिक राळेत बसवायचा, पॉलिश पेपरवर घासत घासत बरोबर थेंबापर्यंत यायचं, मग हिऱ्याच्या लेपानं चकचकीत करायचा आणि इलेक्ट्रॉन प्रोब या मोजणीच्या यंत्राखाली ठेवून गंधक मोजायचा. आम्हा कनिष्ठांना ते यंत्र मिळतं रात्री अकरा ते पहाटे पाच.

घासताना थांबायचं कुठं, यातच सगळं आहे. दोन केसांच्या जाडीइतका थेंब असतो. पहिल्या वर्षी मी अकरा दिवस खपून चौदा स्फटिक तयार केले आणि बाराव्या दिवशी 'अजून थोडंसंच' म्हणत तीन घासटे जास्त मारले. चौदापैकी नऊ थेंब पेपरवर गेले. त्या रविवारी घरी फोन केला तेव्हा आईनं विचारलं, काय चाललंय. म्हटलं, "काही नाही, किचकट आहे."

आता गुरुजी, वही घ्या. लाकीचं गणित त्रैराशिकाचं आहे. लाकीतून १४.७ घन किलोमीटर लाव्हा वाहिला. एका घनमीटरचं वजन धरा २,७०० किलो. म्हणजे सगळा मिळून साधारण ४,००० कोटी टन. स्फटिकातल्या थेंबांत गंधक सापडला दर दहा लाख भागांत १,७०० च्या जवळपास, आणि बाहेर थिजलेल्या लाव्ह्यात उरला २०० च्या जवळपास. मधले १,५०० हवेत गेले. दहा लाखांत दीड हजार म्हणजे टनामागे दीड किलो. ४,००० कोटी टनांचा गंधक झाला ६,००० कोटी किलो, म्हणजे ६ कोटी टन. गंधकाच्या एका अणूला ऑक्सिजनचे दोन चिकटतात आणि त्या दोघांचं वजन मिळून गंधकाइतकंच भरतं, म्हणून दुप्पट करा. १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड. पिनाटुबोच्या सहा-सात-आठ पट, एकाच डोंगराच्या कुशीतल्या २७ किलोमीटर लांब भेगेतून. (सगळ्याच ज्वालामुखींना ही रीत चालत नाही. पिनाटुबोसारख्यांत गंधकाचा वायू आधीच वेगळा होऊन साठलेला असतो, थेंबांवरून काढलेला आकडा फार कमी येतो. लाकीसारख्या वाहत्या लाव्ह्याला चालते.)

८ जून १७८३ ला सुरू झालेला तो प्रकार पुढच्या फेब्रुवारीपर्यंत, आठ महिने चालला. गवतावर फ्लोरिन बसला, मेंढ्यांचे दात आणि हाडं वेडीवाकडी झाली. पाचांतल्या चार मेंढ्या मेल्या, निम्मी गुरं गेली आणि मागून आलेल्या उपासमारीत देशातला दर पाचवा माणूस गेला. हे इतक्या बारकाईनं कळतं ते योन स्टाइनग्रिमसन नावाच्या एका गावच्या धर्मगुरूमुळं. लाव्हा गावाकडं येत असताना २० जुलैला त्यानं चर्चमध्ये प्रार्थना घेतली, लाव्हा गावाअलीकडं थांबला, आणि लोक आजही त्याला आगीची प्रार्थना म्हणतात. मला त्या चमत्कारापेक्षा त्याची टिपणं मोलाची वाटतात. कोणत्या दिवशी कुठल्या दिशेला धूर, राख कशी पडली, वास कसला, सगळं टिपलेलं. आज तीच टिपणं आम्ही नोंदी म्हणून वापरतो. तुमच्या मुलीनंही वापरली असतील, विचारा.

आता महाबळेश्वराचा पाऊस. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, हवेचा दाब उतरतो आणि समुद्राचं बाष्प आत ओढलं जातं. हे तुम्ही चौथीला शिकवलंच असेल. उत्तर गोलार्धावर पडदा धरला की जमीन हवी तेवढी तापत नाही आणि पावसाचा पट्टा दक्षिणेकडं सरकतो. त्या वर्षी आफ्रिकेतला मोसमी पाऊस ढिला पडला आणि नाईलचं पाणी उतरलं, हे मॉडेलमध्ये येतं आणि इजिप्तच्या नोंदींतही आहे. आपल्याकडं उत्तरेत १७८३-८४ ला चालिसा दुष्काळ पडला, विक्रम संवत १८४० वरून ते नाव. पण तो सगळा लाकीच्या माथी मारू नका. पावसानं त्याआधीपासूनच ओढ दिली होती, एल निनोही (प्रशांत महासागराचं पाणी तापतं आणि आपला पाऊस बहुधा घटतो, तो प्रकार) होता. यातला लाकीचा वाटा किती आणि एल निनोचा किती, हे सोडवणं म्हणजेच तुमच्या मुलीचं काम. याच वाटेवरचं एक काम पुण्याच्या आयआयटीएममध्येही (उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था) झालंय. ही संस्था पाषाणमध्ये आहे, पण तिथं दगड नव्हे, ढग बघतात. २०२० साली त्यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर दाखवलं की मोठ्या उद्रेकानंतर एल निनो आणि मॉन्सून यांची गाठ जास्त घट्ट बसते.

आणि भावकीला एक सांगा. 'आपल्याकडं कुठाय' हे त्यांनी लाव्ह्यावर बसून विचारलंय. मेढ्यातल्या विहिरीचा कातळ, शाळेचा पाया, जात्याची तळी, सगळा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. टोकदार डोंगरातून उडालेला नव्हे, लाकीसारखाच भेगांतून वाहिलेला, पण एकेक लोंढा लाकीच्या कित्येक पट. झीज होऊनही आज पाच लाख चौरस किलोमीटर उरलाय. या थरांना भूशास्त्रात नावं कुठली आहेत माहीत आहे? पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, खंडाळा, भीमाशंकर. माझ्या खोलीत बसणारा एक इटालियन मुलगा 'पोलादपूर' इतकं गोड म्हणतो की मला एसटी स्टँडवरचा वडापाव आठवतो. डायनासोर याच लाव्ह्यानं मारले की मेक्सिकोत पडलेल्या अशनीनं, हा वाद इथं काढू नका, पानं पुरायची नाहीत. २०१९ साली दोन गटांनी आपल्या घाटातल्या थरांची वयं एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात छापली, तरी बहुतेक लाव्हा नेमका कधी आला यावर एकमत नाही. आणि जिवंतच हवा असेल तर अंदमानात बॅरन बेट आहे. जानेवारी २०१७ मध्ये गोव्याच्या एनआयओचे (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे) लोक 'सिंधु संकल्प' जहाजावरून समुद्रतळाचे नमुने घेत होते, त्यांच्या डोळ्यांदेखत त्यानं राख उडवली.

रविवारचा प्रश्न: वरचं गणित स्वतः करा आणि विचारा, "माझे बारा कोटी टन आले. तू मॉडेलमध्ये किती धरलेस?"

जुना_दादरकर

वा, गारगोटीबाई. पिनाटुबोचं नाव वाचून एक जुनी गोष्ट आठवली, जरा विषयांतर होईल.

१० डिसेंबर १९९२, गुरुवारची पहाट. खग्रास चंद्रग्रहण होतं. मुंबईत संचारबंदी, त्या आठवड्यात काय चाललं होतं ते सांगायला नको. आमचा आकाशदर्शनाचा कार्यक्रम अर्थातच रद्द. मी, वडील आणि शेजारचे दोघं चाळीच्या गच्चीवर गेलो. साडेचारनंतर चंद्र पूर्ण सावलीत शिरला, पश्चिमेला समुद्राच्या अंगाला. मी तोवर तीन खग्रास ग्रहणं पाहिली होती, तांब्याच्या परातीसारखा लालसर चंद्र दिसतो. त्या पहाटे चंद्र जवळजवळ दिसेनासाच झाला. नुसता एक राखाडी डाग. वडील म्हणाले, ढग आला वाटतं. ढग कुठला, आजूबाजूच्या चांदण्या लख्ख दिसत होत्या! खाली रस्ता इतका शांत की कुठंतरी लांब पोलिसांच्या गाडीची शिट्टी ऐकू आली.

नंतर कळलं ते असं. ग्रहणात चंद्रावर जो थोडा तांबडा उजेड पडतो तो पृथ्वीच्या कडेच्या हवेतून वाकून गेलेला असतो. दीड वर्ष झालं तरी पिनाटुबोचा आम्लाचा पडदा तिथंच होता, त्यानं तो उजेडही अडवला. फिलिपिन्समधल्या डोंगराची सावली मी दादरच्या गच्चीवरून चंद्रावर पाहिली असं पोरांना सांगतो, त्यांना थाप वाटते.

शंकासूर

बरं, कार्बनचं मागे घेतो. आकडे तपासले, बरोबर आहेत.

पण मग सोपंच झालं की! विमानातून दरवर्षी गंधक फवारा, अर्धा अंश खाली, आणि पेट्रोल जाळायला आम्ही मोकळे. आणि तो टोंगाचा २०२२ वाला एवढा मोठा होता म्हणतात, त्यानं का नाही थंड केलं?

गारगोटी

टोंगाचं आधी. हुंगा टोंगा १५ जानेवारी २०२२ ला फुटला आणि त्याचा लोट ५७ किलोमीटर उंच गेला, उपग्रहांच्या काळात एवढा उंच दुसरा नाही. पण तो समुद्राखालचा. वर नेलं ते मुख्यतः पाणी, १५ कोटी टनांच्या आसपास, आणि सल्फर डायऑक्साइड जेमतेम पाच लाख टन. उंची होती, माल नव्हता. उलट इतकं बाष्प स्थितांबरात गेल्यावर काय होतं हे मोजायची पहिलीच संधी मिळाली, आणि माझ्या वयाच्या लोकांपैकी निम्म्यांनी आपापले विषय बाजूला टाकून त्यात उडी मारली. मलाही मोह झाला होता. माझे दगड म्हणाले, आम्ही साडेसहा कोटी वर्षं थांबलोय, तू जा.

फवारणीचं चेष्टेत म्हणालात, पण लोक त्याचा गंभीरपणे अभ्यास करतात. माझं मत विचाराल तर ते कर्जाचं व्याज भरत राहण्यासारखं आहे, मुद्दल वाढतंच. थेंब वर्ष-दोन वर्षांत खाली येतात, म्हणजे फवारणी कायमची. कार्बन तिकडं साठतोच, समुद्र आंबट होतोच, आणि ज्या दिवशी फवारणी बंद पडेल त्या दिवसापासून सगळी थकबाकी एकदम वसूल. शिवाय पिनाटुबोनंतरच्या वर्षी तापमानाबरोबर जगभर जमिनीवरचा पाऊसही घटला, नद्यांचं पाणी घटलं. आणि पडदा फक्त उत्तरेकडं धरला तर पट्टा दक्षिणेला सरकतो, हे वर लिहिलंच आहे. पंखा कुणाच्या हातात आणि उकाडा कुणाला, एवढं ठरवायला कुठली ग्रामसभा घेणार?

हिमगाभा_वास्को

गुरुजी, नोकरीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. पोस्टडॉक ही दोन-तीन वर्षांची असते, मग दुसरी, कधी तिसरी. मेहुण्यांना कायम हा शब्द ऐकायचा असेल तर थोडी कळ काढावी लागेल. मुलगी नालायक आहे म्हणून नव्हे, जगभर तसंच आहे. भारतात तिच्या विषयाला जागा आहेत: पुण्याचं आयआयटीएम, आयसर, आयआयटी, गोव्यात एनआयओ आणि आमच्या वास्कोचं ध्रुवीय संशोधन केंद्र. आमच्याकडं अंटार्क्टिकातून आणलेल्या बर्फाच्या दांड्या ठेवतात. बाहेर मे महिन्याचा घाम आणि आत रजईसारखा कोट घालून बर्फ कापणारी पोरं. दरवर्षीचा बर्फ एकावर एक साठत जातो, आणि मोठ्या उद्रेकानंतरच्या थरात सल्फेटचा उंचवटा लागतो. एका दांडीत इंडोनेशियातला तांबोरा, १८१५. खाली गेलात की १२५७ चा. जगभरच्या बर्फात तो एवढा ठळक होता, पण कुठल्या डोंगराचा हे कित्येक वर्षं कुणाला सांगता येत नव्हतं. २०१३ ला कळलं, इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावरचा समालास. १८३१ चा तर अगदी आत्ता, कुरील बेटांवरचा झावारित्स्की निघाला. १८०९ च्या आसपासचा अजून बेवारस आहे.

भूशास्त्रवाल्यांना जीएसआयची (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची) परीक्षाही असते, ती यूपीएससी घेते. मुलगी भौतिकशास्त्राची आहे, तिला ती कितपत लागू पडेल ते बघावं लागेल. पण मेहुण्यांसमोर 'यूपीएससी' एवढा शब्द नुसता उच्चारला तरी पंधरा दिवस शांतता मिळते, स्वानुभव आहे.

गुरुजी_मेढा

सर्वांचे आभार. रविवार झाला.

गणित शनिवारी रात्री तीनदा केलं. पहिल्यांदा शून्य चुकलं, १२० कोटी आले. हिनं विचारलं, एवढं काय लिहिताय, वीज बिल जास्त आलं का?

फोन आला. आईचं बोलणं व्हायच्या आधीच मी घेतला. म्हटलं, "लाकीचे माझे बारा कोटी टन आले. तू किती धरलेस?" पलीकडं गप्प. मग म्हणाली, "बाबा, कुठून काढलेत?" म्हटलं, लाव्ह्याचं वजन गुणिले टनाला दीड किलो, दुप्पट. तर म्हणते, "हा आकडा मी दीड वर्षं फाइलमधून उचलून टाकतेय, हातानं कधी केला नव्हता."

मग तिनं मला चूक दाखवली, आणि ती बरोबर होती. म्हणे बारा कोटी एकदम ओतायचे नसतात. आठ महिन्यांत दहा वेळा जोर आला, पहिले मोठे जोर जून-जुलैतच, तेव्हा हप्त्याहप्त्यानं टाकावं लागतं. मी म्हटलं, उसाच्या बिलासारखं. पहिली उचल मोठी, बाकीचं मागून. ती हसली, म्हणाली, हेच उद्या आमच्या बैठकीत सांगते. आणि बारातले साडेनऊ कोटी टनच वर गेले, ९ ते १३ किलोमीटरवर, बाकीचे जमिनीलगत. आइसलँडात ढगांचा थर आपल्यापेक्षा बुटका, नऊ-दहा किलोमीटरवरच संपतो, म्हणून एवढ्या उंचीवरही थोडं स्थितांबरात शिरतं. आपल्याकडं सोळा-सतरा लागतात. तिची सगळी डोकेदुखी त्या दोन-तीन किलोमीटरांची आहे. लोट दोन किलोमीटर खाली धरला की तिच्या संगणकातला आपला पाऊस बदलतो. सहा महिने झाले, उत्तर रोज वेगळं येतं. हे ती मला पहिल्यांदाच बोलली. हिनं दोनदा खुणावलं, फोन इकडं द्या म्हणून. दिला नाही.

धर्मगुरूची टिपणं तिनं वापरली आहेत. त्यावर बरंच बोललो, तो माझा प्रांत.

आता नवीन अडचण. दिवाळीत येतेय दहा दिवस. म्हणाली, ज्वालामुखीवर एवढं काम करते, पण लाव्ह्याचा दगड स्वतः कधी फोडलेला नाही. आंबेनळी घाटात जाऊ म्हणतेय. गारगोटीताई, हातोडी कसली न्यावी? घरात सुताराची आहे. आणि फोडायचं नेमकं काय?

गारगोटी

सुताराची अजिबात नको, तिच्या तोंडाचा टवका उडतो आणि डोळ्यात जातो. लोहाराकडून किलो-सव्वा किलोचा छोटा घण घ्या, दांडा पक्का बसवून. दोघांनाही चष्मे, साधे वेल्डिंगच्या दुकानातले चालतील. वळणावर गाडी लावू नका, दिवाळीत त्या घाटात पुण्याची गर्दी असते, सकाळी साताच्या आत पोचा. वनखात्याच्या हद्दीत किंवा उभ्या कड्यावर ठोकाठोकी करू नका. पावसाळ्यात दरड कोसळून रस्त्याकडेला ढीग पडलेला असतो, तो पुरे आहे.

दोन काळ्या थरांच्या मध्ये गेरूसारखा तांबडा पट्टा कुठं दिसतो ते आधी शोधा. एक लोंढा येऊन थिजला, त्यावर माती व्हायला पुरेल एवढा काळ गेला, मग दुसरा आला, तो हा मधला काळ. तिला तो हात लावून दाखवा. हप्त्यांचं बोलणं तिथं पुढं चालू ठेवता येईल.

दगड घ्यायचा तो आतून काळा, जड आणि खणखणीत वाजणारा. पोकळ्यांत पांढरे खडे असलेला घेऊ नका, तो दिसायला देखणा पण कामाला निरुपयोगी. (मीच लिहितेय, गारगोटी नाव घेऊन.) ऑलिव्हिन मिळायची आशा कमी धरा, आपल्याकडचं बहुतेक सडून तांबूस झालेलं असतं. भिंग न्या.

आणि ढिगातला नसून जागेवरचा एखादा सुटा तुकडा मिळालाच, तर उचलायच्या आधी त्याच्यावर मार्करनं बाण काढा, वरची बाजू कुठली ते दाखवणारा. मी माझ्या पहिल्या सहलीत सतरा दगड आणले आणि एकावरही काढला नव्हता.